भिंतीपलीकडून नुसती धमधमच का ऐकू येते?

शांतताप्रेमी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात किडा वळवळतोय म्हणून धागा काढतेय, जाणकारांनी प्रकाश टाकावा. आमच्या बाजूच्या फ्लॅटमध्ये रात्री उशिरापर्यंत गाणी चालू असतात. गंमत म्हणजे गाणं कुठलंय, बाई गातेय की बुवा, काही म्हणजे काही कळत नाही, फक्त धम... धम... धम येत राहतं, तेसुद्धा मोठ्याने नाही, पण उशीत डोकं खुपसलं तरी जात नाही. फोनवर आवाज मोजायचं ॲप टाकलं तर ते ३५-३८ डेसिबल दाखवतं आणि जिथे बघावं तिथे लिहिलेलं की ४० म्हणजे एकदम शांत. घरचे म्हणतात तुझ्या मनाचे खेळ आहेत. तर भिंत बाकीचं गाणं गाळून फक्त ठेकाच का पाठवते, ॲप खोटं बोलतंय की मी, आणि भिंतीला तो खाचाखाचांचा फोम लावला तर फरक पडेल का?

उगाचच
फोम कशाला, अंड्याचे ट्रे चिकटवा. फुकटात काम.

टवाळ
गाणं कुठलं ते एकदा जाऊन विचारून घ्या, म्हणजे ठेक्यावर पुढचे शब्द तुम्हालाच म्हणता येतील 😄

मंद्र
@शांतताप्रेमी, ॲपही खोटं बोलत नाही आणि तुम्हीही नाही, पण ते नंतर. आधी भिंत.

गाण्याचे शब्द कळतात ते मुख्यतः व्यंजनांमुळे, आणि स, श, त, क यांचा बराचसा भाग २००० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती हेलकावे, हीच वारंवारता) वर असतो. ठेका असतो ५० ते १०० हर्ट्झच्या आसपास. आता भिंत आवाज अडवते ती प्रामुख्याने वजनाने. पलीकडच्या हवेचा दाब भिंतीला ढकलतो, भिंत अगदी किंचित हलते आणि तुमच्या बाजूची हवा हलवते, झालं, आवाज आला. सेकंदाला ६० वेळा इकडून तिकडे ढकललं तर भिंतीला थोडंफार हलायला वेळ मिळतो, तेच ३००० वेळा ढकललं तर ती जडशीळ भिंत हलायला लागेपर्यंत धक्क्याची दिशा उलटी झालेली असते. ढोबळ हिशोब असा की वारंवारता दुप्पट झाली की भिंत साधारण ६ डेसिबल जास्त अडवते, आणि भिंतीचं वजन दुप्पट केलं तरी ६च. ६० पासून पाच वेळा दुप्पट केलं की १९२० येतात, म्हणजे ठेका आणि शब्द यांच्यात निव्वळ भिंतीमुळे ३० डेसिबलचा फरक. ३० डेसिबल म्हणजे ऊर्जेत हजार पट बरं का. खऱ्या भिंतीचे स्वतःचे अनुनाद असतात (ठराविक सुरांना ती जास्तच थरथरते), फटी असतात, त्यामुळे आकडे पुढेमागे होतात, पण कल हाच.

फोमचं आणि अंड्याच्या ट्रेचं सांगायचं तर पैसे आणि अंडी दोन्ही वाचवा. फोम खोलीतल्या खोलीत घुमणारा आवाज शोषतो, आरपार जाणारा अडवत नाही, कारण त्यात वजनच नाही. आणि शोषायचं म्हटलं तरी त्याची जाडी लहरीच्या लांबीच्या पाव भागाच्या जवळपास हवी. ५ सेंटिमीटरचा फोम १७०० हर्ट्झच्या वर छान काम करतो. ६० हर्ट्झची लहर असते पावणेसहा मीटर लांब, तिच्या पाव भागाइतका फोम लावलात तर खोलीत पलंग राहणार नाही.

उगाचच
रेकॉर्डिंग स्टुडिओत मग फोम का असतो? तिथे काय सगळे वेडे आहेत?

मंद्र
तिथे तो माईकला घुमणारा आवाज नको म्हणून असतो. बाहेरचा आवाज आत येऊ नये यासाठी तिथे भिंतीच्या आत दुसरी भिंत असते, दोघींमध्ये मोकळी जागा, आणि आतली भिंत बाहेरचीला कमीत कमी ठिकाणी टेकलेली. ते फोटोत दिसत नाही, फोम दिसतो.

भुंगा
एक बाळबोध प्रश्न विचारतो, हसू नका. पावणेसहा मीटर लांब म्हणजे नक्की काय लांब? हवेत तर काही दिसत नाही. आणि स्पीकरपासून माझ्या कानापर्यंत हवा येते का, मग वारा का लागत नाही?

रातकिडा
@भुंगा, बाळबोध अजिबात नाही, पुस्तकातल्या नागमोडी रेघेमुळे निम्म्या लोकांचा हा घोळ झालेला असतो. आवाज हवेत वरखाली होत नाही, पुढेमागे होतो. खच्चून भरलेल्या रांगेत मागून कोणी धक्का दिला तर धक्का पार पुढच्या खिडकीपर्यंत पोचतो, पण मागचा माणूस मागेच राहतो, तसंच. हवेचे रेणू जागच्या जागी किंचित पुढे जातात, मागे येतात, आणि त्यामुळे कुठे दाटी होते कुठे विरळ होतं. एका दाटीपासून पुढच्या दाटीपर्यंतचं अंतर म्हणजे तरंगलांबी. आवाज २० अंश सेल्सिअसला सेकंदाला ३४३ मीटर जातो, त्याला ६० ने भागा, आले ५.७ मीटर. माणसाला ऐकू येणारी टोकं घेतली तर २० हर्ट्झची लहर १७ मीटर आणि २०,००० हर्ट्झची जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर.

वेग ठरतो तापमानावर, अंशाला साधारण ०.६ मीटरने वाढतो. मोठ्याने ओरडलं म्हणून आवाज लवकर पोचत नाही. पाण्यात तो चौपटीहून जास्त वेगाने जातो, लोखंडात त्याहून कितीतरी जास्त. आणि हवाच काढून घेतली तर जातच नाही, हे रॉबर्ट बॉइलने १६६० मध्ये काचेच्या भांड्यातली हवा उपसून प्रकाशित केलेलं आहे.

वारा का लागत नाही तर हालचाल फारच बारीक असते. जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजात हवेच्या दाबात फरक पडतो २० मायक्रोपास्कलचा. वातावरणाचा दाब लाखभर पास्कल. म्हणजे पाचशे कोटीतला एक भाग! त्यावेळी कानाचा पडदा हलतो तो हायड्रोजनच्या अणूच्या व्यासापेक्षाही कमी. मला हे पहिल्यांदा वाचल्यावर छापायची चूक वाटली होती.

भुंगा
बापरे. धन्यवाद, आता डोळ्यांसमोर आलं.

कानसेन
आता ॲपचं बोलतो, कारण धाग्याचा खरा मुद्दा तोच आहे असं मला वाटतं.

आपला कान सगळ्या वारंवारतांना सारखी वागणूक देत नाही. २००० ते ५००० हर्ट्झला तो सगळ्यात तिखट, खाली गेलं की मंद होत जातो. १००० हर्ट्झचा आवाज निरोगी तरुण कानाला शून्य डेसिबलच्या आसपास ऐकू यायला लागतो, ५० हर्ट्झचा नुसता ऐकू यायलाच चाळीसच्या वर लागतात. फ्लेचर आणि मनसन या दोन संशोधकांनी १९३३ मध्ये माणसं बसवून याचे आलेख काढले, आजची प्रमाणित वक्रं त्याच कामाची सुधारलेली रूपं आहेत. तर मोजणाऱ्या यंत्रांनी काय केलं, की कान जसा खालच्या आवाजांकडे दुर्लक्ष करतो तसं यंत्रानेही करायचं, म्हणून आकड्यातून वजावट करतात. त्याला ए-वेटिंग म्हणतात आणि बहुतेक ॲप तेच दाखवतात. ५० हर्ट्झला ही वजावट आहे ३० डेसिबल! म्हणजे ॲपने ३५ दाखवले आणि त्यात सगळा ठेकाच असेल तर खोलीत प्रत्यक्ष दाब ६५ च्या घरातला असू शकतो. वर फोनचा माईक बनवलाय बोलणं टिपायला, खालचे आवाज तो स्वतःच अर्धेमुर्धे सोडून देतो.

आणि खरी मेख पुढे आहे. त्या आलेखांत एकेक रेषा म्हणजे कानाला सारखेच मोठे वाटणारे आवाज, आणि खालच्या वारंवारतांना या रेषा एकमेकींच्या जवळ जवळ येतात. १००० हर्ट्झला आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल वाढवावे लागतात, ५० हर्ट्झला त्याहून बरेच कमी पुरतात. म्हणजे ठेका एकदा ऐकू येण्याच्या उंबरठ्यावर चढला की थोड्याशा वाढीने एकदम भलताच मोठा वाटायला लागतो. त्यामुळे पलीकडच्यांनी आवाज इंचभर कमी केला तर तुम्हाला स्वर्ग, इंचभर वाढवला तर नरक, आणि त्यांना वाटतं ही बाई उगाच कटकट करतेय. घरच्यांना एवढं वाचायला द्या.

सरळसोट
हे सगळं ठीक, पण रात्रीच का त्रास होतो? दिवसाही तोच स्पीकर असतो.

कानसेन
दिवसा बाकीच्या आवाजात झाकला जातो. पंखा, रस्ता, बोलणं. रात्री झाकण निघतं, ठेका तेवढाच राहतो. उघड्यावर आणखी एक प्रकार होतो, रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असली की आवाज वर निसटण्याऐवजी खाली वळतो, म्हणून लांबची गाडी रात्री जवळ आल्यासारखी वाटते. पण बंद घरात पहिलं कारणच.

शांतताप्रेमी
कानसेन, तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला घरात 😀 आता एक विचित्र गोष्ट सांगते. माझा पलंग भिंतीला लागून आहे, तिथे धमधम भरपूर. उठून खोलीच्या मधोमध उभी राहिले की जवळजवळ गायब, आणि कोपऱ्यात गेले की भयंकर. हे काय आहे? भिंत तर एकच.

मंद्र
वा, हे तुम्ही छान पकडलंत. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये लहर आपटून परत येते, जाणारी आणि येणारी एकमेकींत मिसळतात. खोलीची लांबी लहरीच्या निम्म्या लांबीइतकी असली तर लहर जागच्या जागी उभी राहते, भिंतीशी दाबाचा चढउतार सगळ्यात जास्त आणि मधोमध जवळपास शून्य. ३.४ मीटरच्या खोलीत हे ५० हर्ट्झला होतं, म्हणजे नेमकं ठेक्याच्या गावात. कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन तिन्हींचा चढ एकत्र येतो. तेव्हा पहिला फुकटचा उपाय, पलंग भिंतीपासून ओढून डोकं खोलीच्या मध्याकडे आणा. दुसरा, शेजाऱ्यांना गोडीत सांगा की स्पीकर कोपऱ्यातून काढा, कारण कोपरा त्यांच्या बाजूलाही ठेका तसाच फुगवतो, आणि त्याखाली मऊ रबराचं जाड बूड घाला म्हणजे थेट जमिनीतून जाणारी थरथर कमी होईल.

निळी_छत्री
वाचतेय, मस्त चाललाय धागा. अवांतर: रेकॉर्ड केलेला स्वतःचा आवाज एवढा पिपाणीसारखा का वाटतो? मी ऑफिसच्या कॉलची रेकॉर्डिंग ऐकूच शकत नाही.

कर्णधार
मी कानाच्या तपासण्या करते, त्यामुळे हे रोजचं आहे :) स्वतः बोलताना आवाज दोन वाटांनी पोचतो, एक तोंडातून बाहेर हवेतून कानात आणि दुसरा कवटीच्या हाडांतून थेट आतल्या कानात. हाडांची वाट खालचे सूर जास्त पोचवते म्हणून स्वतःला आपण भारदस्त वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये ती वाट नाही. बाकी सगळे तुमचा तोच पिपाणी आवाज रोज ऐकतात आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही.

आले आहे तर कानाबद्दल थोडं. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर, एका बाजूने बंद, त्यामुळे ती ३००० हर्ट्झच्या आसपास स्वतःच घुमते, वर कानसेन म्हणाले त्या तिखटपणाचं एक मोठं कारण हे. पुढे पडदा, पडद्याला लागून तीन हाडं, हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब हे शरीरातलं सगळ्यात छोटं हाड, तीनेक मिलिमीटरचं. ही तीन हाडं कशाला हवीत असं वाटेल. तर आतल्या कानात आहे द्रव, आणि हवेतला आवाज पाण्यावर आपटला की ९९.९ टक्के ऊर्जा परत फिरते, (पोहताना पाण्याखाली डोकं घातलं की काठावरचं बोलणं जातं ते त्यामुळे). म्हणून पडद्याच्या साधारण ५५ चौरस मिलिमीटरवर पडलेला जोर रिकिबीच्या तीनेक चौरस मिलिमीटरच्या बुडावर एकवटतो, त्यात हाडांच्या तरफेची थोडी भर, असं करून दाब वीसेक पट वाढतो आणि हरवलेलं बरंचसं परत मिळतं.

मग येतो कॉक्लिया, शंखासारखा गुंडाळलेला, उलगडला तर ३५ मिलिमीटर. त्याच्यातल्या पडद्यावर रिकिबीजवळच्या टोकाला उंच सूर आणि आतल्या टोकाला खर्ज अशी जागा वाटून दिलेली आहे. प्रत्येक लहर रिकिबीकडून निघते आणि आपली जागा आली की तिथे उसळून विरते, हे गेओर्ग फॉन बेकेशीने दाखवलं, १९६१ चं नोबेल त्यासाठीच. खर्जाची लहर आपल्या जागी पोचायला उंच सुरांच्या जागांवरून जाते, म्हणून जोरदार ठेका वरच्या सुरांना झाकून टाकतो, उलटं फार होत नाही.

सरळसोट
म्हणजे शेवटी कान हा माईकच. आत आवाज, बाहेर वीज. एवढं काय गूढ आहे त्यात?

कर्णधार
माईक आवाज काढत नाही हो, कान काढतो! कॉक्लियामध्ये केसपेशींच्या (टोकाला बारीक केसांसारखे तंतू असलेल्या पेशींच्या) दोन जाती असतात, आतल्या साडेतीन हजारांच्या आसपास, त्या मेंदूला बातमी देतात. बाहेरच्या बारा हजारांच्या आसपास, त्या स्वतः लांब-आखूड होऊन बारीक आवाजांना आतल्या आत धक्का देतात, वाढवतात. या खटाटोपाचा थोडा आवाज उलटा बाहेर येतो आणि कानात बारीक माईक ठेवला तर टिपता येतो. डेव्हिड केंप यांनी १९७८ मध्ये हे दाखवलं तेव्हा बऱ्याच जणांना पटलं नव्हतं, आज नवजात बाळांची तपासणी त्यावरच करतात. बाळ झोपलेलं असतं, कानात एक छोटा बोळा, टकटक आवाज द्यायचा आणि कानाचं उत्तर येतं का बघायचं.

कानसेन
@सरळसोट, आणखी एक घ्या. जुन्या टेलिफोनच्या लाइनवरून ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच जायचं. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर असतो शे-सव्वाशे हर्ट्झचा. तो लाइनवर नव्हताच. तरी फोनवर बाप्या बोलतोय की बाई ते कळायचंच ना? ३६०, ४८०, ६०० असे वरचे सूर येतात आणि त्यांच्यातलं समान अंतर बघून मेंदू १२० चा सूर स्वतः भरून काढतो. हवेत नसलेला सूर ऐकू येतो. माईकला येईल?

सरळसोट
बरं बाबा, माईक नाही. पण मग हेलियम ओढल्यावर आवाज कार्टूनसारखा होतो तेव्हा स्वरयंत्र जोरात हलतं ना? ते तरी सरळ आहे.

टवाळ
सरळसोट यांनी हेलियम ओढून प्रतिसाद दिला असावा.

रातकिडा
तेही सरळ नाही. स्वरतंतू जवळपास तेवढ्याच वेगाने हलतात. हेलियममध्ये आवाजाचा वेग हवेच्या जवळपास तिप्पट, म्हणून घसा आणि तोंडाच्या पोकळीचे अनुनाद वर सरकतात आणि आवाजाचा रंग बदलतो. कुणी गंमत म्हणून सिलिंडरला तोंड लावू नका मात्र, त्यात ऑक्सिजन नसतो आणि दाबामुळे फुफ्फुस फाटू शकतं, लोक गेलेत त्यात.

निळी_छत्री
माझा मुलगा फोनवर १७००० हर्ट्झची शिट्टी लावून हसत बसतो, त्याला ऐकू येते, मला आणि नवऱ्याला ढिम्म. आम्ही बहिरे होतोय का?

कर्णधार
नाही, वय होतंय, माफ करा :) उंच सुरांच्या केसपेशी रिकिबीजवळ, प्रत्येक लहरीच्या वाटेवरच, आणि सगळ्यात आधी त्याच झिजतात. बोलणं समजायला ८००० च्या वरचं फारसं लागत नाही त्यामुळे कित्येक वर्षं पत्ताच लागत नाही. पुढे मात्र स, फ, थ गळायला लागतात आणि माणूस म्हणतो ऐकू येतं पण कळत नाही, लोक पुटपुटतात. माझ्याकडे येणाऱ्यांचं हेच वाक्य असतं.

माणसाच्या केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. पक्ष्यांच्या येतात, हा अन्याय आहे. म्हणून मुलाच्या शिट्टीपेक्षा त्याच्या हेडफोनकडे लक्ष द्या. कामाच्या ठिकाणांसाठी अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेची शिफारस आहे की ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, १०० ला पाव तास. तीनच का, तर ३ डेसिबल वाढले की ऊर्जा दुप्पट होते. कानाला वाटतं थोडंसंच वाढवलं.

भुंगा
कान स्वतःला वाचवत नाही का? डोळ्याची बाहुली लहान होते तसं काही?

कर्णधार
आहे की. मोठ्या आवाजाला रिकिबीचा एक स्नायू आखडतो आणि हाडांची साखळी ताठ होते. पण त्याला सुरू व्हायलाच सेकंदाचा दहावा भाग वगैरे लागतो, फटाका किंवा बंदुकीचा बार तोवर आत पोचलेला असतो. शिवाय तो मुख्यतः खालचे आवाज कमी करतो, उंच नाही.

शांतताप्रेमी
पलंग सरकवला, बराच फरक आहे. शेजाऱ्यांशी बोलणं व्हायचंय. तोवर कानात बोळे घालू की ते आवाज मारणारे हेडफोन घेऊ?

मंद्र
ठेक्यासाठी आवाज मारणारे हेडफोन. ते उलटी लहर सोडून मूळ लहर खोडतात, आणि लहर लांब असली की हे जुळवणं सोपं जातं, त्यामुळे खालच्या सुरांवर ते सगळ्यात चांगले आणि उंचावर निकामी. फोमचे बोळे बरोबर उलटे, उंचावर उत्तम, खाली कमी. नुसते बोळे घातलेत तर बाकी सगळं शांत होऊन ठेकाच जास्त जाणवेल असंही होतं. कुशीवर झोपायची सवय असेल तर कानावरचे मोठे नकोत, आतले घ्या.

उगाचच
आणि अंड्याचे ट्रे?

मंद्र
अंडी ठेवा त्यात.